तळात चिकटवलेल्या त्रेपन्न चिठ्ठ्या

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे आणि आधीच सांगून ठेवतो, माझा स्वभाव चिडका आहे. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की फार गोड बोलतात. मला ते जमत नाही. वीस वर्षे लोक माझ्यात हात घालतात, मनासारखे निघाले नाही तर परत आत कोंबतात आणि झाकण दाणकन आपटतात. अशा डब्याने गोड तरी किती बोलावे?

माझा जन्म भवानीनगरला, साखर कारखान्याच्या वसाहतीत झाला. त्याआधी मी पंधरा किलो गोडेतेलाचा डबा होतो. कारखान्यात फिटर असलेल्या सावळाराम आबांनी एका रविवारी दुपारी मला अंगणात घेतले, निम्म्यात कापले, हाताला लागू नये म्हणून कडा आत दुमडल्या आणि वर घट्ट बसणारे झाकण केले. मग सोडा घालून कढत पाण्याने तीनदा धुतले. तरी तेलाचा वास काही गेला नाही. आजही उन्हात ठेवले तर माझ्या पोटातून शेंगदाण्याचा वास येतो. त्या वासापायी आणि डागापायी आबांच्या बायकोने, कुशाबाईंनी, माझ्या तळाला साडीच्या खोक्याचा पुठ्ठा कापून घातला. हा पुठ्ठा लक्षात ठेवा. माझी सगळी चिडचिड त्याच्यापासून सुरू होते.

मला बनवले ते एका खास कामासाठी. वसाहतीच्या कडेला ख्रिस्ती मंडळीची पत्र्याची प्रार्थनेची खोली आहे. घरे पंधरा-सोळा. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी सकाळच्या भक्तीला तिथे प्रत्येक जण एक चिठ्ठी काढतो. चिठ्ठीवर शास्त्रातली, म्हणजे बायबलमधली, एक ओळ असते. ते त्या माणसाचे त्या वर्षाचे वचन. कुणाच्या घरी आजारपण असले, कुणी गेले असले, तर मला त्या घरी नेतात आणि तिथेही चिठ्ठी काढायला लावतात. मी त्या वचनांचा डबा.

माझ्यातल्या चिठ्ठ्या कुशाबाईंनी लिहिल्या. त्या बालवाडीत शिकवायच्या. शास्त्रातली स्तोत्रे दीडशे, म्हणून चिठ्ठ्या दीडशे, असा त्यांचा सरळ हिशोब. सकाळी बालवाडीला जाण्याआधी एक स्तोत्र पूर्ण वाचायचे, दिवसभर भाजी निवडताना, पोरांची नाके पुसताना तेच डोक्यात घोळवायचे आणि संध्याकाळी त्यातली एक ओळ चिठ्ठीवर उतरवायची. काही स्तोत्रे एका दिवसात उरकली. काहींनी त्यांना आठवडा-आठवडा सोडले नाही. सहा-सात महिने हे काम चालले.

चिठ्ठ्यांसाठी कागद होता जुन्या कॅलेंडरांचा. खताच्या दुकानातून फुकट मिळणाऱ्या कॅलेंडरची पाठ कोरी असते. कुशाबाईंनी लग्नापासूनची सगळी कॅलेंडरे पेटीत जपून ठेवली होती. त्यांच्या चौकोनांत त्या रोजचे काहीबाही लिहीत. गॅस लावला, मिहिरला ताप, माहेरून पत्र, असले. मिहिर म्हणजे त्यांचा मुलगा. ओळ लिहिण्याआधी त्या कॅलेंडर उलटसुलट करून बराच वेळ बघत बसायच्या आणि मग नेमका एखादा चौकोन कापायच्या. पुढे स्तोत्राचा क्रमांक आणि ओळ, पाठीवर तो दिवस. मला वाटायचे, ही बाई कागद कापायला इतका वेळ का लावते. नंतर कळले.

रडण्या-कण्हण्याची स्तोत्रेही कुशाबाई सोडत नव्हत्या आणि तेच आबांना खटकायचे. एकदा त्यांनी विचारलेच, "हे रडगाणं कशाला लिहितीस? वर्षाच्या पहिल्याच दिशी माणसाच्या हातात असलं आलं तर?"

"आलं तर आलं," कुशाबाई म्हणाल्या. "देवापुढं कुरकुर करायची न्हाय, तर मग काय शेजारणीपुढं करायची? ही स्तोत्रं लिवणारा दावीद राजा करत हुता. आपुन कोण लागून गेलो?"

"सगळी स्तोत्रं शेवटाला गोडच व्हत्यात की. शेवटची वळ लिही."

"अठ्ठ्याऐंशीवं व्हत न्हाय. ते शेवटपतूर अंधारातच ऱ्हातं. पण बोलतंय कुणाशी? देवाशीच. मला तेच लई आवडतं."

काम संपल्यावर कुशाबाईंनी माझ्या झाकणावर लाल ऑइल पेंटने दोन ओळी लिहिल्या. वर 'चिठ्ठी काढा', खाली 'मग पूर्ण स्तोत्र वाचा'. आता गंमत बघा. माझे झाकण उघडताना अंगठा नेमका खालच्या ओळीवर येतो. चार-पाच वर्षांत खालची ओळ साफ झिजली. उरले काय, तर 'चिठ्ठी काढा'. लोक काढतात, ओळ वाचतात, बरे वाटले की माझ्यात टाकतात आणि चहाला बसतात. पूर्ण स्तोत्र कुणी उघडत नाही. मी डबा आहे, नाहीतर मी कपाळावर हात मारून घेतला असता.

चौदा वर्षांपूर्वी कुशाबाई गेल्या. त्या होत्या तोवर चिठ्ठीबद्दल कुरकुरायची कुणाची हिंमत नव्हती. त्यांच्यानंतरच्या पहिल्याच नव्या वर्षाला मंदाकिनीबाईंच्या हाताला आजारी माणसाची ओळ लागली. हाडे दुखताहेत, अंगात त्राण नाही, अशी ती ओळ. मंदाकिनीबाई म्हणजे मंडळीतल्या सगळ्यात उत्साही बाई. प्रार्थना असो की करंज्या, पुढे त्याच. बाईंचे तोंड उतरले. पुढे मार्चमध्ये त्या मोरीत घसरल्या आणि मनगट मोडले.

"चिठ्ठीतच निघालं हुतं," प्लॅस्टर घातलेला हात दाखवत त्या सगळ्यांना सांगत सुटल्या.

झाले. पुढच्या वर्षी लोक माझ्यात हात घालायला घाबरू लागले. चिठ्ठी काढायची, चोरून बघायची, कण्हणारी निघाली की परत टाकून दुसरी काढायची. देवाच्या शब्दाचे त्यांनी पंचांग करून टाकले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण विचारतो कोण?

सावळाराम आबा मंडळीतले जाणते. भांडण नको, कुणाचे मन दुखायला नको, हा त्यांचा स्वभाव. एके दिवशी त्यांनी घराचे दार लोटून घेतले आणि दीडशे चिठ्ठ्या पुढ्यात मांडल्या. रडणाऱ्या, भांडणाऱ्या, 'किती दिवस विसरून राहणार' असे देवाला विचारणाऱ्या अशा त्रेपन्न चिठ्ठ्या बाजूला काढल्या. चुलीपाशी नेल्या. पण बायकोचे अक्षर जाळणे त्यांच्या जिवावर आले. मग त्यांनी काय करावे? माझ्या तळाचा पुठ्ठा उचलला, त्या त्रेपन्न चिठ्ठ्या खाली पसरल्या आणि वर पुठ्ठा ठेवून चारही कडा कणकेच्या खळीने चिकटवून टाकल्या. एकही चिठ्ठी त्यांनी उलटून पाहिली नाही.

तेव्हापासून माझ्यात सत्त्याण्णव गोड चिठ्ठ्या राहिल्या. लोक खूश. माझे कौतुक सुरू झाले. "आपला डबा लई आशीर्वादाचा हाय," मंदाकिनीबाई म्हणायच्या. आणि मी आपला तळात त्रेपन्न माणसांचे रडणे दाबून बसलेलो.

दहा वर्षांपूर्वी मिहिरचे लग्न झाले आणि वृषाली घरात आली. इंदापूरकडची मुलगी. बारामतीच्या एका दवाखान्यात रक्त तपासायच्या खोलीत काम करते. रोज स्कूटीवरून जाते-येते. बोलायला थोडी तुटक, कामाला चोख. बुधवारच्या प्रार्थनेत तिचा आवाज सगळ्यांत मोकळा. सासूबाईंना ती आत्या म्हणे, पण त्यांना तिने कधी पाहिले नव्हते. सासूचे अक्षर तेवढे माझ्यातल्या चिठ्ठ्यांवर पाहिलेले.

गेल्याच्या गेल्या वर्षी, उसाचा हंगाम सुरू झाला तेव्हाची गोष्ट. दिवेलागणीला मिहिर मोटारसायकलवरून घरी येत होता. रस्त्याच्या कडेला पंक्चर झालेली उसाची ट्रॉली उभी होती. मागे ना दिवा, ना लाल पट्टी. त्याला ती दिसली नाही. तो चौतीस वर्षांचा होता.

मातीच्या वेळी सावळाराम आबा डोळ्यांतून टिपूस न काढता उभे राहिले आणि त्यांनी स्तुतीचे गीत सुरू केले. लोक म्हणाले, "आबांचा इश्वास बघा." वृषाली त्यांच्याकडे बघत राहिली. तिने ओठ उघडले नाहीत.

मग बुधवारमागून बुधवार मला तिच्यापुढे ठेवण्यात आले. मंडळी घरी यायची, सतरंजीवर बसायची, दोन गीते व्हायची आणि मंदाकिनीबाई मला तिच्या मांडीवर ठेवायच्या.

"काढ बाय, वचन काढ. देव बोलंल तुझ्यासंगं."

पहिल्यांदा तिने काढली ती एकशे एकविसावी. तुझा पाय तो घसरू देणार नाही, अशा अर्थाची. वृषालीने ती वाचली, घडी घातली आणि माझ्यात ठेवली. दोन आठवड्यांनी पुन्हा तीच निघाली. त्याला माझा इलाज नव्हता. ती चिठ्ठी कॅलेंडरच्या पहिल्या, जानेवारीच्या जाड पानाची होती, बोटांना आधी तीच लागायची. तिसऱ्यांदाही तीच निघाली तेव्हा तिने मला मांडीवरून उचलून खाली ठेवले.

"काकू, ह्या डब्यात माझं काहीच न्हाय," ती म्हणाली.

मित्रांनो, त्या क्षणी मी काय सोसले ते मलाच ठाऊक. तिचे होते! तिच्या बोटांच्या खाली, एका पुठ्ठ्याच्या अंतरावर, तिचे सगळे होते. अंथरूण आसवांनी भिजवणारा माणूस होता. पाणी गळ्याशी आले म्हणून ओरडणारा होता. छपरावर एकट्या बसलेल्या पाखरासारखा जागणारा होता. आणि ज्यांनी ते लपवले ते सावळाराम आबा समोर भिंतीला टेकून बसले होते. त्यांना माहीत होते. तरी ते खाली मान घालून बसून राहिले. मला त्यांचा इतका राग आला की माझा पत्रा तापला असेल.

वृषालीने गाणे सोडले. मग बुधवार सोडला. शास्त्र कपाटावर गेले. रोज सकाळी मोबाईलवर गुलाबाच्या फुलासकट वचने यायची, मंदाकिनीबाई न चुकता पाठवायच्या. ती न उघडताच पुसून टाकायची. घरात सासरा आणि सून दोघेच, पण बोलणे भाजी काय करायची एवढ्यापुरते. मिहिरचे नाव दोघांपैकी कुणी घेत नव्हते.

गेल्या डिसेंबरात ती आबांना जेवायला वाढता वाढता म्हणाली, "आबा, नव्या वर्षी मी वचन काढणार न्हाय. चर्चलाबी येणार न्हाय. मी देवाशी गोड बोलू शकत न्हाय आणि तितं दुसरं काय बोलायची सोय न्हाय. तुमी जावा. तुमचा डबा तुमी चालू द्या."

आबांनी घास तसाच ठेवला. मला वाटले, आता बोलतील. पण आबांनी ताट सरकवले आणि ते हात धुवायला उठले.

नाताळाच्या आधीचा रविवार. आबा प्रार्थनेच्या खोलीवर कागदी चांदणी लावायला गेले होते. वृषाली घराची साफसफाई करत होती. टीव्हीच्या कपाटावरून झटकताना मला तिचा धक्का लागला आणि मी खाली आदळलो. झाकण एकीकडे, चिठ्ठ्या खोलीभर. कोपरा चेपला. आणि इतके आदळूनही तळाचा पुठ्ठा जागचा हलला नाही. आबांच्या खळीला काय म्हणावे!

ती चिठ्ठ्या गोळा करायला बसली. दवाखान्यात दिवसभर नळ्या क्रमाने स्टँडला लावणारी बाई ती, तिच्या हाताला सवय. ढीग करून माझ्यात कोंबायच्या सोडून ती क्रमांकाने लावत बसली. एकशे एकविसावी हाताला लागली तशी तिने ती न बघता माझ्यात टाकून दिली. बाकीच्या फरशीवर ओळीने मांडल्या. आणि शंभरावी चिठ्ठी पंख्याच्या वाऱ्याने उलटली.

पाठीवर कॅलेंडरचा चौकोन होता आणि पेन्सिलीने लिहिलेले होते, 'मिहिर चालला. चार पावलं.'

वृषालीने उठून पंखा बंद केला. मग एकेक चिठ्ठी उलटू लागली. 'मिहिरची शाळा सुरू.' 'मिहिरने कविता म्हटली.' ज्या दिवशी घरात आनंद झाला, त्या दिवसाच्या पाठीवर कुशाबाईंनी आनंदाचे स्तोत्र लिहिले होते. तिने फरशीवरच्या सगळ्या उलटल्या आणि पुन्हा क्रमाने लावल्या. तेव्हा तिला जागा रिकाम्या दिसल्या. सहावी नाही. तेरावी नाही. बाविसावी नाही. अठ्ठ्याऐंशीवी नाही. नळी हरवली तर तिचे डोके चालते, तसे ते आता चालले. तिने जुन्या पावतीच्या पाठीवर गहाळ क्रमांक लिहून काढले. डब्यात टाकलेली एकशे एकविसावी सोडून त्रेपन्न भरले.

मग ती उठली. कपाटावरून शास्त्र काढले, ओढणीने धूळ पुसली आणि सहावे स्तोत्र उघडले. पूर्ण वाचले. तेरावे वाचले. मग बाविसावे. फरशीवर पाय पसरून, मांडीवर शास्त्र घेऊन ती एकामागून एक गहाळ स्तोत्रे वाचत राहिली. गॅसवर चहाचे पाणी आटून गेले. आधी मनात वाचत होती, मग ओठ हलू लागले, मग आवाज आला. छप्पन्नावे वाचताना ती थांबली. देव माणसाची आसवे एका भांड्यात साठवून ठेवतो, असे त्यात आहे. मी डबा असल्याने ती ओळ माझ्या विशेष आवडीची. ती ओळ तिने दोनदा वाचली.

अठ्ठ्याऐंशीवे वाचून झाल्यावर तिने शास्त्र मिटले नाही. वर छपराच्या पत्र्याकडे बघितले आणि चौदा महिन्यांनी पहिल्यांदा ती देवाशी बोलली.

"ऐकतोयस का? मग ऐक. एक लाल पट्टी. येवढीच. त्या ट्रॉलीला कुणाच्या तरी हातानं लावली असतीस तर तुझं काय बिघडलं असतं? तू झोपला हुतास का? मी येवढी गाणी म्हटली तुझी. एका पट्टीचं काम केलं न्हाईस."

दारात आबा उभे होते. हातात उरलेला सुतळीचा गुंडा. त्यांनी सगळे ऐकले होते.

"असं बोलू न्हाय, पोरी," ते कसेबसे म्हणाले. "देवाला असं बोलू न्हाय."

"ह्यातच लिवलंय, आबा." तिने शास्त्रावर हात आपटला. "मी माझ्या मनचं न्हाय बोलत. ही स्तोत्रं लिवणाऱ्यांनीबी असंच विचारलंय. तू झोपलास का, तू विसरलास का, तोंड का फिरवलंस. आणि आपल्या डब्यात त्यातली एकबी न्हाय. त्रेपन्न चिठ्ठ्या न्हायत. आत्यांनी बाकीच्या लिवल्या आणि ह्याच सोडल्या व्हय? कुठं गेल्या त्या?"

बारा वर्षे मी या प्रश्नाची वाट बघत होतो. आबांनी गुंडा खाली ठेवला. आत गेले आणि जुना स्क्रू ड्रायव्हर घेऊन आले. माझ्यापुढे मांडी घातली. पुठ्ठ्याची एक कड सुटली, दुसरी सुटली, मग तो चर्रकन निघाला.

खालच्या चिठ्ठ्यांना तेलाचे डाग पडले होते. अक्षर मात्र जागच्या जागी होते. आबांनी वरची चिठ्ठी उचलली. ती अठ्ठ्याऐंशीवी होती. त्यांनी ती पहिल्यांदा उलटली.

'मुलगी झाली. दुपारी गेली.'

मिहिर तीन वर्षांचा असताना त्यांना एक मुलगी झाली होती. त्या घरात तिचे नाव कधी कुणी काढले नव्हते, कारण नाव ठेवायलाच वेळ मिळाला नव्हता. आबांनी तो चौकोन उजेडाकडे धरला. मग त्यांच्या तोंडून असा आवाज आला की वृषाली घाबरून त्यांच्याजवळ सरकली.

"ती येवढं लिवून ठिवती आणि मी उलटून बघत न्हाय," आबा म्हणाले. "वरनं खळ लावतो. माझ्या पोराच्या मातीला मी गाणं म्हणलो, पोरी. लोक म्हणले, आबांचा इश्वास बघा. इश्वास कसला? मला तोंड उघडायचीच भीती वाटत हुती. उघडलं तर देवाला काय बोलून बसंन, म्हणून गात ऱ्हायलो."

"मग आत्ता बोला," वृषाली म्हणाली. "मी हाय हितं."

आणि म्हातारा बोलला. काय बोलला ते मी सांगणार नाही, ते आबा, वृषाली आणि देव या तिघांतले आहे. मोठ्याने बोलला, एवढे सांगतो. वृषालीने त्यांना अडवले नाही. नंतर तिने चहा पुन्हा टाकला आणि दोघांनी अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचले. शेवटी उजेड आला नाही. पण मिहिरचे नाव त्या घरात त्या संध्याकाळी सात-आठ वेळा घेतले गेले.

पुढचे आठ-दहा दिवस रोज संध्याकाळी एक पूर्ण स्तोत्र. वाचायचे, मग चिठ्ठी उलटायची आणि त्या दिवसाची आठवण आबांनी सांगायची. तिला एकदम शांती मिळाली, असे मी म्हणणार नाही. कालच तिने दूध उतू गेले म्हणून पातेले आपटले. पण तिला आता एक गोष्ट कळली होती. रागावलेल्या माणसालाही प्रार्थना करता येते आणि त्यासाठी शब्द आयते लिहून ठेवलेले आहेत. ती म्हणाली, "आबा, मला वाटलं हुतं माझा इश्वास गेला. तो गेला न्हवता. त्याला बोलायची चोरी झाली हुती."

नव्या वर्षाच्या सकाळी आबांनी मला काखेत घेतले. कोपरा ठोकून सरळ केला होता आणि पुठ्ठा काढून टाकला होता. माझ्या पोटात पुन्हा दीडशे चिठ्ठ्या होत्या. वृषाली बरोबर आली, पण शेवटच्या रांगेत, दाराशी बसली. काढणार की नाही, ते तिने सांगितले नव्हते.

आबा पुढे उभे राहिले. "सलाम," ते मंडळीच्या रिवाजाप्रमाणे म्हणाले. "मी बारा वर्षं तुमच्यापासनं स्तोत्रांचा तिसरा हिस्सा लपवून ठिवला. तुमी भिऊ नये म्हणून. खरं तर मीच भीत हुतो. आजपासनं सगळ्या चिठ्ठ्या डब्यात हायत. निघंल ती घ्यायची. परत टाकून दुसरी काढायची न्हाय."

कुजबूज झाली. मंदाकिनीबाईंनी आपले मनगट दुसऱ्या हातात धरले.

"आबा, मला परत हाडांचीच निघाली तर?"

"निघाली तर बुधवारी आमी तुमच्या घरी येतो, काकू," मागून वृषाली म्हणाली. "सगळं स्तोत्र वाचू. आणि दुखतंय तर दुखतंय म्हणू."

एकेकाने चिठ्ठी काढली. मंदाकिनीबाईंना 'देव माझा मेंढपाळ' अशा अर्थाची निघाली, त्यांनी सुटकेचा श्वास टाकला. आबांना पाणी गळ्याशी आल्याची निघाली. त्यांनी ती सगळ्यांसमोर वाचली आणि मगच माझ्यात ठेवली. शेवटी मी दाराशी गेलो. वृषालीने डोळे मिटून हात घातला.

जाड कागद. मला कळले आणि माझा जीव गोळा झाला. शंभरावी दे, छप्पन्नावी दे, मी म्हणत होतो, ही नको. पण माझ्या हातात काय असते? तिने डोळे उघडले. एकशे एकविसावी. पाय घसरू न देण्याची.

मंदाकिनीबाई घाईने म्हणाल्या, "दुसरी काढ बाय, तुला चालंल."

वृषालीने मान हलवली. आणि जी चिठ्ठी तिने तीनदा परत टाकली होती, फरशीवरूनही न बघता टाकली होती, ती तिने उलटली. तिच्या पाठीवर काय आहे ते मला वीस वर्षे ठाऊक होते. ओरडून सांगावेसे वाटायचे.

'मिहिर सायकलवरून पडला. गुडघ्याला पाच टाके.'

पोरगा पडला त्याच दिवसाच्या पाठीवर त्याच्या आईने ते वचन लिहिले होते. पोरगा पडतो, हे तिला माहीत होते. तरी लिहिले होते. वृषालीने त्या अक्षरावरून अंगठा फिरवला. तिला हसू आले आणि त्याबरोबर डोळे वाहू लागले.

"आत्या, तुमीबी ना," न पाहिलेल्या सासूला ती म्हणाली. मग आबांकडे बघून म्हणाली, "ही मला आज पटत न्हाय. पण हिच्याशी भांडायला तरी हिला घरी नेते."

तर मित्रांनो, आता मी म्हातारा झालो आहे. बुडाला गंज धरला आहे. परवा आबांनी झाकणावरची खालची ओळ लाल रंगाने पुन्हा लिहिली आणि रंग वाळायच्या आत मंदाकिनीबाईंनी झाकण उघडून 'पूर्ण' या शब्दावर अंगठा उमटवला. मी काही बोललो नाही. माझ्यासारखा डबा तुमच्या घरी असेल, तर त्याला कोरड्या जागी ठेवा, गंज चढू देऊ नका. आणि त्यातले काही नावडले म्हणून तळाला चिकटवून टाकू नका. कुणाला तरी नेमके तेच लागते. चिठ्ठी हातात आली तर पूर्ण वाचा आणि उलटूनही बघा.

वृषाली बुधवारी परत गाऊ लागली आहे. आवाज अजून मधेच तुटतो. एकशे एकविसावी तिच्या दवाखान्याच्या ओळखपत्रामागे असते. माझ्यात एकशे एकोणपन्नास आहेत, आणि त्या एकीची जागा मी कुणाला भरू देत नाही.